वीज गेली आणि सिनेमा सुरू झाला : अंधाराची भीती भयपटात इतकी का चालते?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे अडखळे आणि माझा खोकला काढून टाकलाय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मी गणेशपुरीतून करतेय. भिवंडी तालुक्यातलं गणेशपुरी, वज्रेश्वरीच्या पुढचं, गरम पाण्याच्या कुंडांचं. माझं आजोळ. मागे जो आवाज येतोय ना, ते रातकिडे आहेत. काढता येणार नाहीत, आणि मला काढायचेही नाहीयेत. पुढे त्यांचं काम आहे.

विषय असा की, अंधाराच्या भीतीवर भयपट इतके का पोसले जातात? भूत दिवसाही दिसू शकतं की. चेटकिणीला काय, दुपारी दोन वाजता यायला कोणाची परवानगी लागते? तरी दिग्दर्शक आधी दिवे घालवतो आणि मग बाकीचं सगळं करतो. का?

माझ्यासाठी या प्रश्नाची सुरुवात याच घरात झाली.

मामाच्या घरची ती रात्र

लोडशेडिंगची वर्षं आठवतात का? मे महिन्याची सुट्टी, आम्ही सगळी भावंडं मामाकडे. कुणीतरी रामगोपाल वर्माच्या 'भूत'ची व्हीसीडी आणली होती. २००३ सालचा सिनेमा, आमच्यापर्यंत पोचेपर्यंत जुना झालेला. माजघरात टीव्ही, समोर सतरंजी, आणि आम्ही सात-आठ जण एकमेकांना खेटून. उर्मिला मातोंडकर त्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये एकटी, रात्रीची उठलेली… आणि फट्. वीज गेली.

आता गंमत बघा. सिनेमा बंद झाला. भूत दाखवणारी वस्तूच बंद पडली. म्हणजे भीती कमी व्हायला हवी ना? उलट आम्ही सगळे तेव्हा किंचाळलो. तोपर्यंत कुणीच किंचाळलं नव्हतं.

त्या रात्री मी एक वाईट गोष्टही केली. ती शेवटी सांगते.

आधी डोळ्यांचं बघू

वीज गेल्यावर नेमकं काय होतं? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी सुमारे साठ लाख. त्या उजेडात चालतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी. त्या अंधुक प्रकाशात चालतात, पण त्यांना रंग कळत नाही. उजेडातून अचानक अंधारात आलो की शंकूपेशी निकामी ठरतात आणि दंडपेशी अजून जाग्या झालेल्या नसतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडात विरघळून गेलेलं असतं, ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. नजर नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं सहज जातात. हे द्रव्य बनायला अ जीवनसत्त्व लागतं, म्हणून ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो.

म्हणजे पहिली काही मिनिटं आपण खरोखरच आंधळे असतो. भयपटातला दिवा हळूहळू मंद होत नाही, तो फट्कन जातो, यामागे हेच आहे.

पण मला जास्त आवडणारी गोष्ट पुढची. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध, जिथे आपली थेट नजर पडते, तिथे दंडपेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे अंधारात एखाद्या वस्तूकडे रोखून बघितलं की ती नाहीशी होते. नजर जरा बाजूला नेली की परत दिसते. परसदारी आंब्याखाली कोणीतरी उभं आहे असं वाटतं, आपण वळून नीट बघतो, तर कोणी नाही. मान वळवली की पुन्हा उभं! आजी म्हणायची, "त्याच्याकडे बघायचं नाही." आजीला डोळ्याची रचना माहीत नव्हती, पण निरीक्षण अगदी बरोबर होतं. मला वाटतं, आपल्या निम्म्या भुतांचा जन्म या मधल्या आंधळ्या जागेत झाला असावा.

दिग्दर्शक हेच करतो. पात्र पुढे स्पष्ट, आणि मागच्या दाराच्या चौकटीत काहीतरी पुसटसं. तुमची नजर तिथे पोचेपर्यंत दृश्य बदललेलं असतं.

आणखी एक. भयपटातली रात्र निळी का असते? तर अंधुक प्रकाशात आपली नजर निळ्या-हिरव्याकडे झुकते आणि लाल रंग काळा पडतो. संध्याकाळी बागेत जास्वंद आधी काळवंडते, पानं मात्र दिसत राहतात, बघा कधीतरी. निळी रात्र ही सिनेमावाल्यांची थोडी लबाडी आहे, पण तिला डोळ्याचा आधार आहे.

मग मेंदू

दिसत नाही, इथपर्यंत ठीक. पण न दिसण्याची भीती का वाटावी?

१९९७ साली अमेरिकेत एक साधासा प्रयोग झाला. अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो, पापण्या मिटतात. ते दचकणं डोळ्याभोवतीच्या स्नायूंवरून मोजता येतं. संशोधकांनी माणसांना उजेडात आणि अंधारात तोच आवाज ऐकवला. अंधारात माणसं जास्त दचकली. आवाज तोच, माणसं तीच. आणि त्याच सुमारास उंदरांवर असाच प्रयोग झाला, तर त्यांचं उलट! उंदीर भगभगीत उजेडात जास्त दचकले. कारण उंदीर निशाचर. त्याला घुबड-मांजराचा धोका उजेडात जास्त, आपल्याला अंधारात.

म्हणजे ही भीती नुसती गोष्टी ऐकून आलेली नाही. ती आपल्या जातीच्या अंगात मुरलेली आहे. टांझानियात सिंहांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांची १९८८ ते २००९ या काळातली नोंद तपासली, तेव्हा दिसलं की बहुतेक हल्ले सूर्यास्तानंतरच्या तासांत झाले होते, आणि पौर्णिमेनंतरच्या दिवसांत वाढले होते. त्या दिवसांत चंद्र उशिरा उगवतो. म्हणजे माणसं अजून बाहेर आहेत आणि उजेड मात्र गेलाय.

सिंह लांबचा वाटत असेल तर आपल्याकडचं घ्या. तानसा अभयारण्य इथून फार लांब नाही. बिबट्या हा या पट्ट्यातल्या लोकांसाठी सिनेमातला प्राणी नव्हे. तिन्हीसांजेला मुलांना घरात घ्या, हे सांगायला इथे कोणाला हडळीची गरज नव्हती. हडळ नंतर आली असेल, पोरं ऐकेनात म्हणून.

आणि 'चकवा'. कोकणात, ठाणे-पालघरच्या रानात चकव्याच्या गोष्टी घरोघरी असतात. माणूस रात्री निघतो, ओळखीच्या वाटेने चालतो, आणि तासाभराने पुन्हा त्याच झाडापाशी येतो. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ चालली. तो ढगाआड गेला की वळायला लागली. आपण सरळच चाललोय अशी खात्री असतानाही काहींनी आपलाच मार्ग परत ओलांडला. म्हणजे चकवा लागतो हे खरंच आहे. तो कोण लावतो, एवढाच वाद.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अंधारात फक्त समोरचं दिसत नाही असं नाही, आपला स्वतःवरचा भरवसाही जातो. चांगला भयपट याच ठिकाणी हात घालतो. पात्राला आधी भूत दिसत नाही. आधी वाटायला लागतं की, आपल्यालाच भास होतोय का?

कान टवकारतात

आता रातकिडे. जरा ऐका.

(इथे मी दहा सेकंद गप्प बसले होते.)

हा आवाज चालू आहे तोवर मला बरं वाटतंय. रातकिडा जवळ कोणाची चाहूल लागली की गप्प होतो. म्हणून मामा अंगणात झोपलेला असताना आवाजाने कधी उठत नसे, आवाज थांबला की उठायचा.

भयपटाच्या ध्वनीचं हे मोठं गुपित. मोठा आवाज कोणीही करू शकतो. आधी सगळं शांत करणं ही खरी कारागिरी. डोळ्यांना काम उरलं नाही की कान पुढे येतात. नळाचं टपटपणं, जिन्यावरची फळी, शेजारच्या खोलीतला पंखा. मग तेही एकेक करून बंद करायचं. प्रेक्षक श्वास रोखतो, कारण त्याला स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटायला लागतो.

१९४२ च्या 'कॅट पीपल' या अमेरिकन सिनेमात एक बाई रात्री रस्त्याने चाललीय. मागून दुसरीच्या बुटांचा टकटक आवाज. मग तो थांबतो. नुसती शांतता. ती वळून बघते, धावते, आणि अचानक एक जोरदार फुत्कार! तो असतो बसच्या ब्रेकचा. बाजूला बस येऊन थांबलेली असते. धोका काहीच नाही, पण थिएटर उडालं. निर्माता व्हॅल ल्यूटनकडे पैसे बेताचे होते, म्हणून त्याने राक्षस दाखवण्याऐवजी सावल्या दाखवल्या. आजही अशा फसव्या दचक्याला सिनेमावाले 'ल्यूटनची बस' म्हणतात.

आपलं 'तुंबाड'

महाराष्ट्राच्या मातीतल्या भयपटाचं नाव घ्यायचं तर राही अनिल बर्वेचा 'तुंबाड'. हिंदीत आहे, पण वाडा आपला, पाऊस आपला, आजीही आपलीच. २०१८ मध्ये आला, तेव्हा गर्दी बेताची. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.

त्यातला सुरुवातीचा भाग आठवा. १९१८ साल. आईला घराबाहेर जावं लागलंय आणि लहानग्या विनायकवर काम आलंय ते साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला जेवण भरवायचं. हातात उजेड जेमतेम. पंकज कुमारच्या कॅमेऱ्याने इथे काय केलंय? उजेड एवढाच ठेवलाय की पोराचा चेहरा दिसेल, हात दिसेल, आणि म्हातारीचा थोडासाच भाग दिसेल. बाकीची म्हातारी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, कळत नाही.

काही लोकांना वाटतं भयपटात अंधार म्हणजे पडदा काळा करायचा. तसं नाही. पूर्ण काळ्या पडद्याची भीती फार वेळ टिकत नाही, कंटाळा येतो. थोडा उजेड लागतोच. कंदील, काडेपेटी, आता मोबाइलचा टॉर्च. कारण त्या छोट्या वर्तुळामुळेच वर्तुळाबाहेरचं कळतं. मेंदूला अर्धा आकार दिला की तो उरलेला स्वतः पूर्ण करतो, आणि करताना माणसाचा चेहरा किंवा प्राण्याचा जबडाच काढतो. दोरीला साप समजलं तर आपण फुकट घाबरतो, एवढंच. सापाला दोरी समजलं तर जीव जातो. म्हणून मेंदू पहिली चूक शंभरदा करायला तयार असतो.

'तुंबाड'मध्ये पुढे विनायक मोठा होऊन त्या विहिरीतून खाली उतरतो, देवीच्या गर्भाशयात. तिथे त्याचं संरक्षण काय? पिठाने आखलेलं वर्तुळ. म्हणजे पुन्हा तेच. आतलं आपलं, बाहेरचं कोणाचं ते माहीत नाही.

दिवसाढवळ्या अंधार

कोणी म्हणेल, मग उजेडातले भयपट? बरोबर प्रश्न. विशाल फुरियाचा 'लपाछपी' बघा, मराठीतला, थिएटरात २०१७ ला आला. त्याचाच पुढे २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' झाला, दिग्दर्शक तोच. गरोदर बाई, पूजा सावंत, उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या घरात येऊन राहते. बरीचशी भीती चक्क उन्हात घडते.

पण ऊस कसा असतो? डोक्याच्या वर. दोन हातांपलीकडचं दिसत नाही. पानं सळसळतात, ती वाऱ्याने की कोणी चालतंय म्हणून, कळायला मार्ग नाही. उसात शिरलेला माणूस भर दुपारी अंधारात असतो. म्हणजे भयपटाला लागतो तो उजेडाचा अभाव नव्हे, माहितीचा अभाव. अंधार हा ती माहिती काढून घेण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना मार्ग आहे, इतकंच. आणि 'लपाछपी'तला खरा अंधार मुलगी नको म्हणणाऱ्या घराचा आहे. म्हणून तो सिनेमा संपल्यावरही उरतो.

थिएटरचा अंधार वेगळा

आपण भयपट बघायला जातो म्हणजे पैसे देऊन एका अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो. म्हणजे पडद्यावर अंधार आणि आपल्या भोवतीही अंधार. १९६७ च्या 'वेट अंटिल डार्क'मध्ये ऑड्री हेपबर्न अंध बाई झालीय. शेवटी ती घरातले दिवे फोडते, म्हणजे हल्लेखोरही तिच्याइतकाच आंधळा होईल. तेव्हा त्या प्रसंगाला थिएटरातले दिवेही कायद्याने चालेल तितके कमी करायचे. आणि जुन्या रिळाच्या प्रोजेक्टरमध्ये तर सेकंदाला चोवीस चित्रं सरकताना दर वेळी पडदी आड यायची. दोन तासांच्या सिनेमात आपण जवळजवळ तासभर काळा पडदाच बघत होतो! आपल्याला कळायचं नाही, एवढंच.

म्हणून भयपट मोबाइलवर, शेजारी ट्यूबलाइट चालू ठेवून बघितला तर फिका पडतो. शिवाय इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रात गडद छटा दाबल्या जातात, काळ्या जागी चौकोनी डाग दिसतात. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा भाग आला, तेव्हा लोक वैतागले की काही दिसतच नाही. तिथे भीती गेली आणि चिडचिड आली. पाहायचाच असेल तर दिवे घालवा, इअरफोन लावा, आणि शक्यतो कोणीतरी सोबत घ्या.

सोबत का? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी भीतिघरात शिरणाऱ्या लोकांच्या छातीचे ठोके मोजले, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. मजा सगळ्यात जास्त कोणाला आली? फार घाबरले त्यांना नाही, अजिबात न घाबरलेल्यांनाही नाही. मधल्यांना. म्हणजे भीतीलाही चहासारखं प्रमाण आहे. आणि ते प्रमाण आपल्या हातात लागतं. डोळे मिटता यायला हवेत, शेजारच्याचा हात धरता यायला हवा, दार उघडून बाहेर जाता यायला हवं.

आता ती वाईट गोष्ट

त्या रात्री वीज गेल्यावर आम्ही किंचाळलो, मग हसलो. माझा सगळ्यात धाकटा मामेभाऊ सहा वर्षांचा होता. तो रडायला लागला. मी सगळ्यांत मोठी. मी काय करावं? मी हळूच त्याच्या मागे गेले आणि कानाशी घोगरा आवाज काढला. सगळे हसले. तो हसला नाही. त्याची चड्डी ओली झाली. मामीने कंदील आणला, तेव्हा त्याचा चेहरा मला दिसला. तो अजून आठवतो.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो परसातल्या मोरीकडे एकटा गेला नाही. घरातले त्याला 'भित्रा' म्हणायचे. मीही म्हणायचे.

आज इतकं वाचल्यावर मला फरक कळतो. भीती तीच होती, अंधारही तोच. पण सिनेमा त्याने निवडला होता आणि तो बंद करता येत होता. माझा आवाज त्याने निवडला नव्हता. आणि ज्या माणसाचा हात धरायचा, तोच माणूस भूत झाला होता. मुलांना अंधाऱ्या खोलीत कोंडून "धीट करणारे" मोठे लोक हेच करतात. त्याने मूल धीट होत नाही. अंधारात आपलं कोणी नाही, एवढंच ते शिकतं.

काल संध्याकाळी इथे वीज गेली. हो, अजूनही जाते. त्या मामेभावाला आता पाच वर्षांचा मुलगा आहे. तो रडायला लागला. मामेभावाने त्याला उचललं, हातात टॉर्च दिला आणि परसात नेलं. "कुठे भीती वाटते? तिथे मार उजेड." पोराने मारला. "काय आहे?" "बादली." "आता बंद कर. काय आहे?" जरा वेळाने उत्तर आलं, "बादलीच." मग मोरी, मग तुळस, मग वाळत घातलेला मामाचा सदरा. तो सदरा मात्र तीनदा तपासला गेला.

मी ओट्यावर बसून बघत होते. भयपट वस्तूंची नावं काढून घेतो आणि नुसते आकार ठेवतो. हा माणूस एकेका आकाराला नाव परत देत होता. मी त्याला त्या जुन्या रात्रीबद्दल विचारलं. म्हणाला, "ताई, आठवतंय की. तुझा आवाज अगदी टुकार होता."

मी सॉरी म्हटलं. वीस वर्षांनी. तो म्हणाला, पोरगं झोपलं की 'तुंबाड' लावू या.

तर मंडळी, तुम्ही अंधारात पहिल्यांदा कधी घाबरलात, आणि तेव्हा कोणी दिवा आणला, ते मला जरूर कळवा. निवडक अनुभव पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर, रातकिडे गप्प झाले तर लक्ष असू द्या. भेटूच.